पडद्याचे डॉक्टर, पडद्याचे संशोधक

वाचकांचे प्रश्न आणि छत्रपती संभाजीनगर येथील एका दृष्टिपटलतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरे

गेल्या अंकात मी दृष्टिपटलाच्या, म्हणजे आपण बोलताना ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्याच्या, आजारांविषयी लिहिले होते. लेखाच्या ओघात, रुग्ण तपासणारा डॉक्टर स्वतः संशोधनही करू शकतो, असे एक वाक्य येऊन गेले होते आणि सर्वाधिक पत्रे त्या एका वाक्यावरच आली. त्यांतली बहुतेक मराठवाड्यातून आली, याचा मला मनापासून आनंद झाला. जागेच्या मर्यादेमुळे सहा पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अकरावी-बारावीसाठी आम्ही गाव सोडून दोन वर्षे लातूरला खोली करून राहिलो. आता ती म्हणते की तिला डोळ्यांची डॉक्टर व्हायचे आहे, पण नुसती प्रॅक्टिस न करता पडद्यावर संशोधन करायचे आहे. संशोधनच करायचे होते तर बीएस्सी करून पीएचडी करता आली असती, त्यासाठी डॉक्टर कशाला व्हायचे? यात किती वर्षे जातात आणि पोटापाण्याचे काय? — एक पालक, लातूर जिल्हा

आपल्या पत्रातला पहिला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. बीएस्सी आणि पीएचडी करून दृष्टिपटलावर उत्तम काम करणारे शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांच्याशिवाय आम्हा डॉक्टरांचे पान हलत नाही. परंतु काही प्रश्न रुग्णासमोर बसल्याशिवाय सुचत नाहीत आणि काही नमुने शस्त्रक्रिया करणाऱ्याच्याच हाती लागतात.

आपल्या ओळखीत कुणा ना कुणाला मधुमेह असेलच, म्हणून उदाहरणही तेच घेते. मधुमेह जुना झाला की काही रुग्णांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्या फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरते. प्राणवायू कमी पडलेला पडदा कसला तरी रासायनिक निरोप धाडत असावा आणि त्या निरोपामुळे या वाहिन्या उगवत असाव्यात, असा तर्क आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ मध्येच मांडला होता. तो निरोप कोणता, हे पुढची चाळीस वर्षे कुणाला सापडले नाही. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी कॅलिफोर्नियात रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन वेगळे केले. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. आता हेच प्रथिन मधुमेही माणसाच्या डोळ्यात असते की नाही, हे पाहायचे तर डोळ्यातला द्राव हवा, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी निघणारा हा द्राव एरवी टाकूनच दिला जातो. बोस्टनच्या लॉइड पॉल आयेलो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतला द्राव जपून ठेवला, तपासला आणि ज्यांच्या पडद्यावर नव्या वाहिन्या जोमाने वाढत होत्या त्यांच्या डोळ्यांत हे प्रथिन वाढलेले असते, हे १९९४ मध्ये दाखवून दिले. आयेलो हे एमडीही आहेत आणि पीएचडीही. फेरारा यांचे मूळ शिक्षणही वैद्यकाचेच. या प्रथिनाला अडवणारे, खास डोळ्यासाठी तयार केलेले रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि आज मराठवाड्यातला मधुमेही रुग्ण डोळ्यात जे इंजेक्शन घेतो ते याच जातीचे असते. म्हणून संशोधन करण्यासाठी डॉक्टर कशाला व्हायचे, याचे माझे उत्तर असे की टाकून दिल्या जाणाऱ्या त्या थेंबाची किंमत ओळखणारे कुणीतरी शस्त्रक्रियेच्या खोलीत असावे लागते.

आता वर्षांचा हिशेब. एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे, नेत्रशास्त्रातील एमएस किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी तीन वर्षे आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप, म्हणजे पुढचे खास प्रशिक्षण, साधारण दोन वर्षे. पीएचडी करायची असल्यास आणखी चार-पाच वर्षे. म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी, प्रवेशपरीक्षांची एखाद-दोन वर्षे धरून, पस्तिशीच्या आसपास स्वतःच्या पायावर संशोधक म्हणून उभी राहते. पीएचडी प्रत्येकाने केलीच पाहिजे असे नाही. मी स्वतः ती उशिरा, नोकरी सांभाळून केली आणि तिचा उपयोग पदवीपेक्षा शिस्तीसाठी अधिक झाला.

पैशांविषयी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचे रुग्णालय काढलेल्या तिच्या वर्गमित्रांपेक्षा तिची कमाई कमी राहील आणि हा फरक अनेक वर्षे राहील. मात्र ती उपाशी राहणार नाही, कारण ती आधी डॉक्टर आहे. दिल्लीच्या एम्समधील राजेंद्रप्रसाद नेत्रकेंद्र, चेन्नईचे शंकर नेत्रालय, मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था अशा ठिकाणी रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच संस्थेत आहेत. तिथल्या एखाद्या संशोधक डॉक्टरचा आठवडा पाहिला तर दोन दिवस शस्त्रक्रिया, एक-दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग आणि उरलेले दिवस प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि निधीसाठीचे अर्ज, असा तो साधारण भरलेला असतो. अर्ज फार लिहावे लागतात आणि त्यांतले बरेच नाकारले जातात, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा. तरीही तिचा निश्चय टिकला, तर लातूरच्या त्या खोलीतली दोन वर्षे वाया गेली असे कृपया मनात आणू नका.

मी अंबाजोगाईला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. मला दृष्टिपटलाच्या संशोधनाची ओढ आहे, पण इथे जनुकांची प्रयोगशाळा नाही आणि महागडे मायक्रोस्कोप नाहीत. मोठ्या शहरांतले विद्यार्थी पुढे जातील आणि आम्ही मागे राहू, असे सारखे वाटते. इथे राहून खरेच काही करता येईल का? — एक विद्यार्थी

उपकरण नंतर येते, आधी प्रश्न यावा लागतो. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण झाले. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला आणि तो हॅम्बुर्गमध्ये गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरांकडे तपासणीला आला. तो डाग पाहताना त्यांच्या मनात आले की प्रकाशाने पडदा भाजून असा व्रण पडत असेल, तर पडद्याला पडलेल्या छिद्राभोवती मुद्दाम असा व्रण करून पडदा जागच्या जागी चिकटवता येईल. यासाठी कसलेच तयार यंत्र तेव्हा नव्हते. त्यांनी इस्पितळाच्या गच्चीवर आरसे बसवून सूर्याचाच प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडला, आणि ढग आले की उपचार थांबत असे. आज संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा तुमच्या महाविद्यालयात जो लेसर पाहता, त्याचे मूळ त्या गच्चीवर आहे.

तुमच्या आसपास असलेला आणि मोठ्या शहरात सहज न दिसणारा प्रश्न कोणता, हे शोधा. माझा प्रश्न मला कसा सापडला ते सांगते. मी निवासी डॉक्टर असताना एक आई पाच महिन्यांचे बाळ घेऊन आली. ते सातव्या महिन्यात, १३०० ग्रॅम वजनाचे जन्मलेले होते आणि त्याच्या दोन्ही बाहुल्यांत पांढरट झाक दिसत होती. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या रेटिनोपॅथीने, ज्याला आम्ही आरओपी म्हणतो, त्याचा पडदा पूर्ण सुटलेला होता. जिथे ते बाळ जगवले गेले त्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आईने प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता जपून ठेवले होते. त्यावर वजन होते, लसी होत्या, दूध कसे पाजायचे ते होते. डोळे तपासून घ्या, ही एक ओळ नव्हती. बाळाला वाचवण्यासाठी तिथल्या लोकांनी रात्रीचा दिवस केला असणार यात मला शंका नाही, पण त्या एका ओळीअभावी बाळाची दृष्टी गेली होती. ते कार्ड मी आजही विसरले नाही.

हा आजार समजून घेण्यासाठी एकदा नवजात शिशू कक्षात, ज्याला आपण एसएनसीयू म्हणतो तिथे, नेत्रतज्ज्ञासोबत उभे राहा. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून लहानशी तारेची कमान बसवतात आणि डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, हातातल्या भिंगातून पडदा पाहतात. पडद्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि मुदतीच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. मुदतीआधी जन्मलेल्या बाळात त्या वाटेतच थांबलेल्या दिसतात. वाफ्यात सोडलेले पाणी जिथवर पोचले तिथे ओल्या आणि कोरड्या मातीची जशी रेघ दिसते, तशी एक फिकट रेघ तिथे असते. ती रेघ जाड होऊन वर उचलली जाऊ लागली की डॉक्टरच्या हातात फार थोडे दिवस उरतात. तेवढ्यात लेसर किंवा इंजेक्शन झाले तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते.

आता यातला संशोधनाचा भाग पाहा. श्रीमंत देशांत साधारण १५०० ग्रॅमपर्यंत वजनाच्या किंवा फार लवकर जन्मलेल्या बाळांचेच डोळे तपासतात. तोच नियम आपण जसाच्या तसा उचलला असता तर आपल्याकडची अनेक बाळे हातची गेली असती, कारण भारतात त्याहून वजनदार बाळांनाही हा आजार गंभीर स्वरूपात होतो, हे इथल्या डॉक्टरांनी आपापल्या कक्षांतल्या नोंदींवरून दाखवून दिले. म्हणूनच आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी, असा नियम आहे, आणि अगदी लहान बाळांची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. हे काम करायला जनुकांची प्रयोगशाळा लागली नाही. नेमाने लिहिलेल्या नोंदी लागल्या.

तुमच्या बीड जिल्ह्यात आणखी एक प्रश्न आहे, जो तुमच्याइतका जवळून क्वचितच कुणी पाहू शकेल. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आरओपीच्या बाळाला दर एक-दोन आठवड्यांनी तपासावे लागते. मग हंगामात कोयता धरलेल्या आईचे बाळ तिसऱ्या तपासणीला कुठे असते? घरचा फोन कुणाकडे असतो, मुकादमाकडे की आजीकडे? पुढची तपासणी फडाजवळच्या तालुक्यात करता येईल का? हे सारे कुणीतरी मोजले पाहिजे, आणि ते तुम्ही मोजू शकता.

सुरुवातीची वाटही ठरलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देते. तिला सगळे एसटीएस म्हणतात. त्यासाठी महाविद्यालयातले एक मार्गदर्शक, लहानसा पण नेमका प्रश्न आणि संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते ना हे पाहणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता लागते. समितीच्या मान्यतेआधी एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नका. आणि एक सवय आजपासून लावून घ्या : तपासलेल्या प्रत्येक पडद्याचे चित्र रंगीत पेन्सिलींनी काढा, सुटलेला पडदा निळा, जागेवरचा लाल. आता कॅमेरे आले आहेत हे मला ठाऊक आहे, तरीही चित्र काढणाऱ्याच्या नजरेला जे दिसते ते बटण दाबणाऱ्याच्या नजरेतून निसटते, असा माझा अनुभव आहे.

माझे वय २७ आहे. दहाव्या वर्षापासून रात्री दिसत नाही आणि आता दिवसाही नळीतून पाहिल्यासारखे समोरचेच दिसते. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोसा सांगितले आहे. माझे आईवडील आतेमामे भावंडे आहेत. एका शहरातल्या दवाखान्यात ३ लाख रुपयांत स्टेम सेलचे इंजेक्शन देतो असे सांगतात. घ्यावे का? दुसरे म्हणजे माझ्या बहिणीचे लग्न मामाच्या मुलाशी ठरत आहे. — एक वाचक, परभणी जिल्हा

इंजेक्शन घेऊ नका. एवढे स्पष्ट मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहिते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन स्त्रियांनी ५००० डॉलर भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शने दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी घेतली आणि त्यांची होती तेवढी दृष्टीही बहुतांशी गेली. ही हकिकत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाली. आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या देशात अशा पेशींचा डोळ्याच्या पडद्यासाठीचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. जिथे पैसे मागतात तिथून उठून या.

मग खरे संशोधन कुठवर आले आहे, हे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. पडद्याचे आनुवंशिक आजार अडीचशेहून अधिक वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांमुळे होऊ शकतात. त्यांपैकी आरपीई६५ या एका जनुकातला दोष जन्मापासूनच्या अंधत्वाला कारणीभूत ठरतो, हे १९९७ मध्ये कळले. फिलाडेल्फियातील जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या दांपत्यापैकी त्या डॉक्टर आणि जनुकशास्त्रज्ञ, तर ते पडद्याचे सर्जन. याच जनुकाच्या दोषाने जन्मांध असलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांत निरोगी जनुक सोडल्यावर त्यांना दिसू लागले, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले. माणसांवरच्या चाचण्यांचे पहिले निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने उपचाराला मान्यता दिली. जनुक सापडल्यापासून औषध हाती येईपर्यंत वीस वर्षे गेली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवण्यात आली, आणि हा उपचार फक्त त्या एका जनुकाच्या दोषावर चालतो. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या जोसे-अलँ साहेल आणि बोटोंड रोस्का यांनी २०२१ मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाविषयी लिहिले. तुमच्याच आजाराने अनेक वर्षे अंध असलेल्या त्या गृहस्थांच्या पडद्यातल्या उरलेल्या पेशींना प्रकाश जाणवेल असे जनुक दिले, खास चष्मा दिला, आणि टेबलावर ठेवलेली वही कुठे आहे हे त्यांना हात नेऊन दाखवता आले. वही वाचता आली नाही. पण ती कुठे आहे हे दिसले, आणि यातली किती आशा खरी आणि किती अजून दूर आहे, ते तुम्हाला नीट कळावे म्हणून हा तपशील दिला.

आज तुम्ही करण्याजोगी गोष्ट म्हणजे जनुकीय तपासणी. तुमच्या आजाराचे नेमके जनुक कळले तरच उद्या एखादी चाचणी तुमच्यासाठी आहे की नाही हे कळेल. परभणीहून हैदराबाद रेल्वेने सोपे आहे आणि तिथे आनुवंशिक पडद्याच्या आजारांचे काम चालते. सोबत कमी दृष्टीसाठीची साधने आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, ही दोन्ही कामे पुढे ढकलू नका.

बहिणीविषयी. आपल्याकडे मामाच्या घरी मुलगी देणे-घेणे ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे आणि त्यामागे माया असते, हे मी मराठवाड्यातलीच असल्याने जाणते. परंतु तुमचा आजार आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन दोष एकत्र आल्याने झाला असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास, बहिणीची दृष्टी उत्तम असली तरी ती त्या दोषाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन इतकी आहे, आणि मामाच्या मुलातही तोच दोष असू शकतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून सुपारी फुटण्याआधी तुमची तपासणी करून घ्या आणि तिच्या निष्कर्षावरून त्या दोघांची. यात कुणाचाही दोष नाही, हे आईला आवर्जून सांगा. अशा घरांतल्या आया स्वतःला फार बोल लावतात.

माझ्या नेत्रदानातून कुणाचा पडदा बदलता येईल का? — निवृत्त शिक्षक, जालना

नाही. नेत्रदानातून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, बसवतात. दृष्टिपटल हा मेंदूचाच विस्तार आहे आणि त्यातून निघणारे सुमारे दहा-बारा लाख तंतू मेंदूशी पुन्हा जोडणे आज शक्य नाही. मात्र घरच्यांनी संमती दिली तर दान केलेल्या डोळ्यातला पडदा संशोधनासाठी वापरता येतो. मानवी पडद्याविषयीचे पुष्कळ ज्ञान अशाच दानातून आले आहे. त्यासाठी वेळ फार महत्त्वाची असते. मृत्यूनंतर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे आणि नेत्रपेढीला लगेच कळवावे. सहा तासांच्या आत डोळे काढले जावेत. गुरुजी, आपल्या इच्छेविषयी मुलासुनेला आजच सांगून ठेवा.

डोळ्यात इंजेक्शन देण्याआधी माझी एका कागदावर सही घेतली. त्यात संशोधन असा शब्द होता. आम्ही अडाणी शेतकरी, म्हणून आमच्यावर प्रयोग करतात का? — एक शेतकरी, हिंगोली जिल्हा

आपली शंका रास्त आहे आणि ती विचारायला अडाणीपण लागत नाही, जागरूकपण लागते. सही करण्याआधी कागद मराठीतून वाचून, समजावून घेण्याचा, घरी नेऊन विचार करण्याचा, नाही म्हणण्याचा आणि हो म्हटल्यावरही मध्येच बाहेर पडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नाही म्हटले म्हणून नेहमीचा उपचार अडवता येत नाही. २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदणीत करणे बंधनकारक आहे. त्या नोंदणीचा क्रमांक आणि नैतिकता समितीचा संपर्क मागा. कुणी आपल्याला हे न सांगता सही घेतली असेल तर त्यांचे चुकले आहे आणि त्या समितीकडे तक्रार करता येते.

तरीही चाचण्या का कराव्या लागतात, हे आपल्याला सांगावेसे वाटते. वर ज्या आरओपीविषयी लिहिले, तो आजार १९४० च्या दशकात अमेरिकेत अचानक वाढला आणि हजारो बाळे अंध झाली. अर्नल पॅट्झ हे तेव्हा वॉशिंग्टनमध्ये शिकाऊ डॉक्टर होते. ज्या बाळांना सतत भरपूर प्राणवायू दिला जातो तीच अंध होतात, अशी शंका त्यांना आली. खात्री करायची तर काही बाळांना कमी प्राणवायू देऊन पाहणे भाग होते. पण हे क्रौर्य आहे असे लोकांना वाटले, आणि बाळे गुदमरतील या मायेपोटी रात्रपाळीच्या परिचारिका प्राणवायूची चावी परत वाढवून ठेवत. पुढे अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन तीच तपासणी केली आणि पॅट्झ यांची शंका खरी ठरली. १९५६ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे सर्वांना जे भल्याचे वाटत होते तेच बाळांचे डोळे नेत होते, आणि दोन गट करून मोजल्याशिवाय ते कळले नसते. गोष्ट इथे संपत नाही. नंतर प्राणवायू फारच कमी केल्याने काही बाळे दगावली आणि नेमका किती द्यावा हे ठरवण्यासाठी पुढची अनेक दशके चाचण्या चालू राहिल्या. अशा चाचणीत भाग घेणारा माणूस आमच्यावर उपकार करतो, आणि म्हणूनच त्याला अंधारात ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

मी नेत्रशास्त्रात एमएस केले, नांदेडला दवाखाना आहे, वय ३६, मुलगा चार वर्षांचा आहे. संशोधनाची इच्छा राहून गेली. आता उशीर झाला का? — एक नेत्रतज्ज्ञ

ताई, उशीर झालेला नाही, पण वाट वेगळी धरावी लागेल. नांदेड सोडायचे नसेल तर प्रयोगशाळेतले काम सोडून द्या आणि रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेले काम हाती घ्या. हैदराबादच्या गटाशी जोडून घेता येईल. रेल्वेने जाऊन महिन्यातून एक दिवस तिथे घालवणारे सहकारी मी पाहिले आहेत. पूर्ण वेळ संशोधनाकडे वळायचे असेल तर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सतर्फे २००८ पासून डॉक्टरांसाठी फेलोशिप, म्हणजे संशोधनवृत्ती, दिली जाते. तिच्यात संशोधनासाठी राखीव वेळ मिळतो, आणि आपल्यासारख्यांना पैशांपेक्षा तोच कमी पडतो. मुलगा लहान आहे म्हणून संकोचू नका. मी अर्ज लिहिला तेव्हा माझी मुलगी टायफॉइडने आजारी होती आणि तिच्या उशाशी बसून तो पूर्ण केला. सासूबाईंनी घर सांभाळले नसते तर तोही झाला नसता, हे नमूद केलेच पाहिजे.

विषयही सुचवते. ईल्स डिसीज तुम्ही नक्की पाहत असाल : विशी-तिशीतला धडधाकट मुलगा, एका सकाळी डोळ्यासमोर जाळे आल्याचे सांगत येतो आणि पडद्यातून रक्तस्राव झालेला असतो. हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये याचे वर्णन केले, पण आता तिकडे तो क्वचित दिसतो आणि आपल्याकडे मात्र नेहमी. शंकर नेत्रालयातील संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा रुग्णांच्या पडद्यावरील पापुद्र्यांत क्षयाच्या जंतूंच्या जनुकांचे अंश शोधून काढले. तरी हे सगळे क्षयामुळेच होते की क्षयाशी लढताना शरीर स्वतःच्याच वाहिन्यांवर उठते, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. श्रीमंत देशांत हे रुग्णच नाहीत, त्यामुळे तिथे कुणी तो सोडवणार नाही.

गेल्या पाच वर्षांच्या नोंदवह्या काढा. तुमच्याकडे आलेल्या अशा मुलांचे वय, गाव, घरात क्षयाचा इतिहास, छातीचा एक्स-रे, दुसरा डोळा आणि दोन वर्षांनंतरची दृष्टी, एवढे एका कागदावर मांडा. किती रुग्ण निघाले आणि त्यांतले किती जण परत तपासणीला आले, ते मला याच सदराच्या पत्त्यावर कळवा. पुढचे आपण मिळून ठरवू.